मीटरच्या पलीकडे

१

धाकट्या जावेने चार वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन फोन केला, तेव्हाच मीटरबाईंनी ओळखलं की एकतर कुणीतरी मेलंय, नाहीतर नळ तरी गेलाय. मेलं कुणी नव्हतं.

"ताई, जरा येऊन जाता का?" जाऊ म्हणाली. "पाण्याचं बिल आलंय. मला वाटतं, अख्ख्या गल्लीचं चुकून माझ्याकडे आलंय."

मीटरबाई गेल्या. दोघींचा अबोला शिवणयंत्राच्या वाटणीवरून होता, पाण्यावरून नव्हता. आणि पाण्यासाठी कुणी हाक मारली तर न जाणं मीटरबाईंच्या रक्तातच नव्हतं. लोकांच्या खड्ड्यांत वाकून मीटर वाचण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरी गेल्या की त्यांची नजर आधी मीटरवर जायची, मग माणसांवर.

जावेचा धंदा कापड रंगवायचा. पुढे गिऱ्हाइकांचा काउंटर, मध्ये अंगण, मागे हौद आणि भट्ट्या. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने उभा केला होता. ती दारात आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि चेहरा पांढराफटक.

घडलं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी गल्लीत केबल टाकायला खोदाई चालली होती. जाऊ रंगाची पूड आणायला परगावी गेलेली. सोमवारी दुपारी खोदायच्या मशीनने तिच्या नळाचा पाइप फोडला आणि मीटरचा चेंदामेंदा केला. पाणी मंगळवारी सकाळपर्यंत वाहत राहिलं. निम्मं रस्त्याने गेलं, निम्मं तिच्या तळघरात. तिथे लोकांचे तागे ठेवलेले. लाल ताग्यांशेजारी पांढरे होते, सकाळी सगळे गुलाबी झाले. मंगळवारी दुपारी जाऊ परत येईपर्यंत खड्डा बुजवून वर सिमेंट ओतून झालं होतं.

"आणि वर हे," म्हणत तिने बिल आणि नोटीस पुढे केली.

मीटर फुटल्यामुळे आकडा नव्हता. पाणीखात्याने पाइपची जाडी आणि वाहिलेले तास धरून सगळं पाणी जावेच्या नावावर लावलं होतं. तक्रारीची सुनावणी शुक्रवारी. ती फेटाळली गेली तर सोमवारी नळ बंद. रंगाऱ्याचा नळ तोडणं म्हणजे लोहाराचा विस्तव विझवणं. सोमवारनंतर तो धंदा उरणार नव्हता.

नोटिशीला पंचनाम्याची प्रत जोडलेली होती. मीटरबाईंनी चष्मा लावला, पान उलटलं, आणि तळाशी खोदाईच्या कंत्राटदाराचं नाव वाचलं. त्या हौदाच्या कठड्यावर बसल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि ते हसू बघून जाऊ घाबरली.

२

अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने एका शाळेपुढचा पाइप फोडला होता, आणि मीटरबाईंनी तो आपल्या वहीत नोंदवला होता. नोंद खरी होती. पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी त्यानेच वर तक्रार केली, की ही बाई मीटर बघायला जातच नाही, घरी बसून आकडे भरते. दोन साक्षीदारही उभे केले. चौकशी झाली आणि मीटरबाईंच्या सेवापुस्तकात ते वाक्य जसंच्या तसं उतरलं: घरी बसून आकडे भरते. त्यानंतरची नऊ वर्षं त्यांनी खात्याच्या गोदामात नळाचे वायसर मोजत काढली.

तेव्हापासून त्या डूख धरून होत्या. त्याचं वाईट व्हावं असं त्यांना रोज वाटायचं, सकाळी दात घासताना तर हमखास वाटायचं. त्याची त्यांना लाजही नव्हती.

"वाचून दाखव," त्या जावेला म्हणाल्या. "सावकाश."

कागद टाइप केलेला होता. जाऊ वाचू लागली. "'मंगळवार रोजी सकाळी जागेवर पाहणी केली. घरमालक गैरहजर. कुंपणाच्या भिंतीत पाण्याचा मीटर आहे. मीटरपाशी उभे राहिले असता डाव्या हातास शिंप्याचे दुकान, समोर दातांच्या डॉक्टरांची पाटी. पाइप मीटरच्या पलीकडे दीड हातावर फुटलेला आढळला.' खाली फिटरची सही, मुकादमाची सही."

"बस. त्या 'पलीकडे'वर सगळं आहे," मीटरबाई म्हणाल्या. "मीटरच्या रस्त्याकडच्या अंगाला पाइप फुटला, तर भुर्दंड खोदणाऱ्याचा. घराकडच्या अंगाला फुटला, तर घरमालकाचा."

"पाणीखात्याचे साहेबही तेच म्हणाले. रस्त्यावरून मीटरपाशी आलं की पलीकडे म्हणजे घरच. आता सिमेंट फोडून बघायला परवानगी नाही, आणि फोडलं तरी पाइप नवा आहे."

तेवढ्यात जावेचा भाऊ चहा घेऊन आला. नऊ वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी आलेला माणूस. तेव्हापासून काउंटर सांभाळत होता, कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या पावत्या काढत होता, आणि खरं सांगायचं तर रंगही तोच जुळवत होता. कापडाची चिंधी नखाने खरवडून तो छटा सांगायचा.

"तू कुठे होतास रे त्या दिवशी?" मीटरबाईंनी विचारलं.

"कापड पोचवायला गेलो होतो, ताई. दोन ठिकाणचं होतं, मुक्काम पडला. मंगळवारी आलो तर घरात पाणीच पाणी. कुठून आलं तेच कळेना." त्याने मान खाली घातली. "मी असतो तर असं झालं नसतं."

मीटरबाई चहा पिऊन थेट फिटरकडे गेल्या. तो पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता. कागद बघून तो ओशाळला.

"बाई, तुम्ही रागवाल."

"रागावणारच आहे. बोल."

"त्या सकाळी माझ्याकडे सात तक्रारी होत्या. गेलो, रस्त्यातला वॉल्व्ह बंद केला. खड्डा गढूळ पाण्याने भरलेला, आत काही दिसेना. मुकादम म्हणाला, पाइप जोडून झाला की नीट बघून पंचनामा भरतो, तुम्ही सही करून जा."

"आणि तू?"

"शिक्का मारलेल्या कोऱ्या कागदावर सही दिली." फिटर डोकं खाजवत म्हणाला, "आई शप्पथ, हा मजकूर मी लिहिलेला नाही. फाटकाच्या आत मी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

३

मुकादम पुढच्या गल्लीत खोदत होता. मीटरबाईंनी पंचनामा कुणी लिहिला असं विचारताच तो खो खो हसला.

"मला सही येते, बास. लिहिता येत असतं तर खड्डे खणले असते का, मावशी?"

"मग तो कोरा कागद?"

"शेठना दिला. ते गाडीतून उतरले नव्हते, चिखल होता ना. काचेतून हात बाहेर काढला, कागद घेतला, गेले."

"पाइप कुठे फुटला होता? तू तर बघितलास."

मुकादमाचं हसू मावळलं. "मला तीन पोरी आहेत, मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा खोदायला लागला. मीटरबाईंनी त्याला पुढे काही विचारलं नाही. मिळालं ते पुष्कळ होतं. कोरा कागद कंत्राटदाराच्या हातात गेला होता, म्हणजे गळा सापडला होता. आता फक्त दोरी हवी होती.

बुधवारी त्या शिंप्याकडे गेल्या. त्याचं दुकान जावेच्या घराला चिकटूनच.

"मला त्या दिवशीचं विचारूच नका," शिंपी तोंडातली टाचणी काढत म्हणाला. "आठ दिवस माझ्या धंद्याचं वाटोळं! त्या समोरच्या दातवाल्या डॉक्टरांची पाटी मुकादमाने काढून ठेवली होती, मशीनचा हात अडत होता म्हणून. शुक्रवारी काढली ती पुढच्या गुरुवारी लावली. तोवर पेशंट गाल धरून माझ्याकडे! एकाने तर आ वासून दाखवला. मी म्हटलं, बाबा रे, मी उसवलेलं शिवतो, किडलेलं नाही."

मीटरबाई हसल्या. "आणि पाइप?"

"रस्ता उकरलेला, गिऱ्हाईक येतंय कसलं? सोमवारी दुपारीच शटर ओढून घरी गेलो. मंगळवारी आलो तेव्हा सिमेंट ओतत होते."

बाहेर एक गाडी थांबली. काच खाली झाली, आणि मीटरबाईंना अकरा वर्षांनी तो चेहरा जवळून दिसला. भरला होता, पिकला होता, पण तोच.

"ओहो, मीटरबाई!" कंत्राटदार म्हणाला. "जावेसाठी पायपीट चाललीय म्हणे. कशाला त्रास घेता? त्यांना सांगा, बिल भरा नाहीतर जागा विका. नळ नसलेली जागा कुणी घेत नाही, पण मी घेईन. माणुसकी म्हणून."

"पंचनामा खोटा आहे," मीटरबाई म्हणाल्या.

"माझ्या माणसाने जागेवर उभं राहून, डोळ्यांनी बघून लिहिलेला कागद आहे तो." तो खिडकीतून थोडा बाहेर वाकला. "सगळेच काही घरी बसून आकडे भरत नाहीत, बाई."

गाडी गेली. शिंप्याने मुकाट्याने त्यांना बसायला स्टूल दिलं.

४

पण स्टुलावर बसल्याबसल्या राग थोडा निवला, आणि त्याच्या जागी एक प्रश्न आला. कंत्राटदार गाडीतून उतरलाच नव्हता. मुकादमाला लिहिता येत नव्हतं. फिटरने कोरी सही दिली होती. मग शिंप्याचं दुकान आणि डॉक्टरांची पाटी त्या कागदात घातली कुणी?

त्या उठल्या. रस्त्याच्या मधोमध, जावेच्या घराकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि कागद पुढे धरला. एक सायकलवाला ओरडून गेला. डाव्या हाताला बंद पडलेलं घड्याळांचं दुकान होतं. शिंपी उजव्या हाताला होता. डॉक्टरांची पाटी समोर नव्हतीच, ती त्यांच्या पाठीमागे होती.

त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला. मग फाटक उघडून अंगणात गेल्या. काउंटरवर कुणी नव्हतं. मागून जावेच्या भट्टीचा आवाज येत होता. त्या काउंटरमागे गेल्या, तिथल्या खुर्चीत बसल्या आणि मान वर केली.

डावीकडे शिंप्याचं दुकान होतं. समोर, भिंतीतल्या मीटरच्या बरोब्बर वर, डॉक्टरांची पाटी दिसत होती.

"ताई," दारातून आवाज आला. "ती माझी खुर्ची आहे."

५

जावेचा भाऊ हातात रंगाच्या चिंध्या घेऊन उभा होता. मीटरबाई उठल्या नाहीत.

"छान दिसतं रे इथून," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं हेच बघतोयस ना?"

त्याची नजर समोरच्या पाटीकडे गेली.

"पंचनामा रस्त्यावरून लिहिलेला नाही. रस्त्यावरून शिंपी उजवीकडे येतो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गल्ली होती ती घरातून दिसते तशी. आणि त्याने ती त्या दिवशी बघितलेली नाही. कारण मंगळवारी डॉक्टरांची पाटी तिथे नव्हतीच, गुरुवारी लागली. बघून लिहिलं असतं तर पाटी आली नसती. म्हणजे लिहिणाऱ्याने सवयीने लिहिलं. फिटर फाटकाच्या आत आला नाही. शिंपी स्वतःच्या दुकानाला आपल्या डाव्या हाताला कसा घालेल? मुकादमाने तर पाटी स्वतःच काढली. तुझी बहीण दिवसभर मागे भट्टीपाशी असते, आणि तिला टाइप करता येत नाही." मीटरबाईंनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर हलकेच टिचकी मारली. "कुंपणानेच शेत खाल्लं."

भावाच्या हातातल्या चिंध्या खाली पडल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत.

"शेठने तो सह्यांचा कोरा कागद माझ्याकडे पाठवला आणि फोनवर सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "म्हणाले, जागेचं वर्णन तू घाल, मला खरं वाटेल असं पाहिजे. पाइपचं मात्र मी सांगतो तसंच लिही, मीटरच्या पलीकडे. मी लिहिलं."

"पण का? नऊ वर्षं तिचं खाल्लंस!"

"खाल्लं?" तो एकदम पेटला. "ताई, बाहेर जाऊन बोर्ड बघा. नाव कुणाचं आहे? तो मोरपंखी रंग, ज्याच्यासाठी तीन तीन गावांहून लोक येतात, तो कुणी काढला? एकदा, एकदाच मी म्हटलं, बोर्डावर माझंही नाव लाव. ती गिऱ्हाइकांसमोर हसली. म्हणाली, आश्रिताचं नाव बोर्डावर लावतात का? सगळे हसले. शेठ तेव्हा पडदे रंगवायला आला होता, तो नाही हसला. तो नंतर फोन करून म्हणाला, तुझं स्वतःचं दुकान काढून देतो."

मीटरबाईंना त्याचा राग यायला हवा होता. पण चारचौघांत बोललेलं एक वाक्य माणूस किती वर्षं उराशी धरून बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तो खाली बसला आणि रडू लागला. "नळच तोडतील, धंदाच जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी आज रात्री तिला सांगतो, ताई. सगळं सांगतो. पाय धरतो."

तो बोलला तर काय होईल ते मीटरबाईंना लख्ख दिसत होतं. जाऊ तोंडाने फटकळ, पण भावासाठी जीव टाकणारी. ती सुनावणीला जाणारच नाही. भावाचं नाव सरकारी कागदावर येऊ नये म्हणून ते बिल आपल्या डोक्यावर घेईल, जागा विकेल, आणि कंत्राटदार हसत हसत विकत घेईल. हे सगळं खरं होतं. पण त्या क्षणी मीटरबाईंच्या डोळ्यांपुढे जाऊ नव्हती. गाडीच्या खिडकीतून वाकलेलं ते तोंड होतं.

"शुक्रवारपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "एक अक्षर नाही. उघडलंस तर मीच पोलिसांत जाईन. नंतर काय पाय धरायचे ते धर."

"पण ताई, सुनावणीत तिला कळलं तर..."

"तुझं नाव मी घेणार नाही," मीटरबाई म्हणाल्या. "शब्द देते."

आणि तो शब्द त्यांनी पाळला.

६

शुक्रवारी अकरा वाजता पाणीखात्याच्या कार्यालयात चौघं होते. टेबलामागे तरुण अभियंता साहेब, एका बाजूला कंत्राटदार, दुसऱ्या बाजूला दोघी जावा. जावेने हात घासून घासून धुतले होते, तरी नखांत निळं राहिलंच होतं.

"पंचनामा स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "पाइप मीटरच्या पलीकडे फुटला. तुमचं म्हणणं काय?"

"माझंही तेच म्हणणं आहे, साहेब," मीटरबाई म्हणाल्या. "पलीकडेच फुटला."

जावेने चमकून त्यांच्याकडे बघितलं. कंत्राटदार खुर्चीत ऐसपैस झाला.

"फक्त एक विचारते. मी टेबलाच्या या बाजूला बसलेय, तुम्ही त्या बाजूला. टेबलाच्या पलीकडे कोण आहे? मला विचाराल तर तुम्ही, आणि तुम्हाला विचारलं तर मी. 'पलीकडे'ला स्वतःचं घर नसतं, साहेब. बोलणारा जिथे उभा असेल तिथून ते मोजायचं. तर लिहिणारा कुठे उभा होता?"

"रस्त्यावर! आणखी कुठे?" कंत्राटदार म्हणाला.

"मग शिंपी त्याच्या डाव्या हाताला कसा? साहेब, तुमच्याकडे गल्लीचा नकाशा आहे. बघा."

साहेबांनी नकाशा ओढला. बोट फिरवलं. पंचनामा वाचला, पुन्हा बोट फिरवलं. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"शिंपी डावीकडे आणि डॉक्टर समोर," ते सावकाश म्हणाले, "हे फक्त घराच्या आतून होतं. म्हणजे लिहिणारा अंगणात, रस्त्याकडे तोंड करून. आणि तिथून मीटरच्या पलीकडे म्हणजे..."

"रस्ता," मीटरबाई म्हणाल्या. "कंत्राटदारांच्याच कागदावर लिहिलंय, साहेब. पाइप त्यांनी रस्त्यात फोडला."

कंत्राटदार सावरून बसला. "डावं-उजवं चुकलं असेल. टायपिंगची चूक. एवढ्यावरून काय ठरतं?"

हा घाव येणार हे मीटरबाईंना माहीत होतं. एकट्या डाव्या-उजव्याने तो निसटला असता. लिहिणारा कोण ते कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्यांनी तर शब्द दिला होता. पण ज्याने सांगावं असं त्यांना वाटत होतं तो समोरच बसला होता. अकरा वर्षांत त्यांनी या माणसाचा अभ्यास केला होता. बुडायला लागला की तो कधी एकटा बुडत नसे.

"चूक नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "लिहिणारा आमच्या घराला चांगला ओळखणारा, आमच्या बाजूचा माणूस होता. त्या गुणी माणसाने तुमच्या नाकाखाली खरं तेच लिहून ठेवलं. तुम्हाला कळलंही नाही. तुमच्याच कागदावर तुम्हाला बनवलं, शेठ. मी त्याचे उपकार मानते. माझी जाऊ तर त्याला डोक्यावर घेऊन नाचेल."

कंत्राटदाराचा चेहरा लालबुंद झाला. कुणीतरी आपल्याला गंडवलं हे त्याला सहन होणारं नव्हतं. आणि आपल्याला गंडवणारा वर सुखात राहणार, हे तर त्याहून नाही.

"डोक्यावर घ्या!" तो जावेकडे बोट रोखून ओरडला. "तुमच्या सख्ख्या भावाने लिहिलाय तो, बाई! तुमच्याच काउंटरवर बसून! मी फोनवर शब्द सांगितला, बाकी सगळं त्याचं. दुकान पाहिजे होतं त्याला. हरामखोर दोन्हीकडून..."

मग त्याने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

"काउंटरवर बसून," साहेबांनी लिहून घेतलं. "फोनवर सांगून. म्हणजे जागेवर पाहणी झालीच नाही."

"शेठ," मीटरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड त्यांनाही कधी ऐकू आला नव्हता. "घरी बसून कागद भरतात म्हणतात, ते असं होय!"

बिल जागच्या जागी रद्द झालं. ते कंत्राटदाराच्या नावावर लागलं, ताग्यांच्या भरपाईचा अर्जही त्याच्यावर दाखल झाला, आणि खोट्या पंचनाम्याबद्दल त्याचं नाव काळ्या यादीत टाकायची शिफारस साहेबांनी स्वतः केली. कंत्राटदार दारातून बाहेर पडताना उंबऱ्याला अडखळला. मीटरबाईंनी ते डोळे भरून पाहिलं. असं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

जाऊ मात्र या सगळ्यात एक शब्द बोलली नाही.

७

घरी येईपर्यंतही ती बोलली नाही. फाटक उघडलं तर काउंटर रिकामा होता. कॉम्प्युटर बंद होता, आणि खुर्ची नीट आत सरकवून ठेवलेली होती. खोलीत त्याची बॅग नव्हती. टेबलावर एक चिठ्ठी होती. जावेने ती उभ्याउभ्या वाचली, मग पुन्हा वाचली.

"गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे गं," मीटरबाई म्हणाल्या. आनंद अजून त्यांच्या अंगात होता, पाय जमिनीला लागत नव्हते. "असला भाऊ काय कामाचा! तुझा नळ राहिला, जागा राहिली. आणि त्या मेल्याचं तोंड बघितलंस ना?"

जावेने वर पाहिलं. "बुधवारी रात्री तो मला सगळं सांगणार होता, असं लिहिलंय. तुम्ही अडवलंत."

मीटरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"खरं आहे का, ताई?"

"खरं आहे," मीटरबाई म्हणाल्या. "तुला कळलं असतं तर तू सुनावणीला आली नसतीस. सगळं स्वतःवर घेतलं असतंस. धंदा गेला असता तुझा."

"गेला असता," जाऊ म्हणाली. "कदाचित मी त्याला चार थोबाडीत दिल्या असत्या, मग दोघं मिळून दुसरीकडे हौद बांधला असता. बोर्डावर त्याचंही नाव लावलं असतं. काय केलं असतं ते माझं मी ठरवलं असतं." तिने चिठ्ठीची घडी घातली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे मीटरबाईंना तो जास्त लागला. "तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत हे बघितलं मी. त्या माणसाच्या तोंडून, साहेबांसमोर, माझ्या कानात ओतलंत. तिथे मला त्याला मारताही आलं नाही आणि जवळही घेता आलं नाही."

"अगं, मी तुझ्यासाठी..."

"नाही, ताई." जावेने त्यांचं बोलणं तोडलं. "सूड तुमचा होता. भाऊ माझा होता."

मागे कुठलातरी हौद भरून वाहायला लागला होता. जाऊ नळ बंद करायला आत गेली आणि बाहेर आली नाही. मीटरबाई अंगणात बराच वेळ उभ्या राहिल्या. आत जाऊन काय बोलायचं ते त्यांना सुचेना, आणि निघून जायलाही पाय उचलेना.